कमी राबलेलं इंजिन

मशीन कमी राबवलं की जास्त टिकतं, असंच मी समजत आले होते. आमच्या श्रीवर्धनच्या घरातल्या 2 केव्हीएच्या पेट्रोल जनरेटरने ते खोटं ठरवलं.

3 जून 2020 ला 'निसर्ग' वादळ आलं आणि वीज गेली ती लवकर आलीच नाही. तेव्हा वडिलांनी हा जनरेटर घेतला. यंदा पावसाळ्यात तो माझ्या हाती आला. दोरी ओढून खांदा भरून यायचा, पण तो काही लागेना. लागलाच तर भकभक काळा धूर सोडायचा आणि विहिरीवरचा अर्ध्या एचपीचा पंप जोडला की बंद पडायचा. दोन एलईडी दिवे, एक पंखा आणि मोबाइल, याहून जास्त काम त्याला कधी पडलंच नव्हतं. मग झिजलं काय?

मेकॅनिककाकांनी प्लग काढून माझ्या तळहातावर ठेवला. बोट फिरवलं तर कोरडी काजळी. "तेलकट असती तर रिंगा गेल्या म्हटलं असतं. ताई, याला लोडच मिळत नाही," ते म्हणाले. लोड असो-नसो, 50 हर्ट्झसाठी असं इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेतंच. पण लोड नसला की आत पुरेसं तापत नाही. प्लगचं टोक साधारण 450 अंशांच्या वर गेलं तरच त्यावरची काजळी जळते. त्यात एअर फिल्टर धुळीने तुंबलेला, म्हणजे हवा कमी आणि पेट्रोल जास्त.

हेड खोललं. पिस्टनच्या डोक्यावर करपलेल्या भाकरीसारखे काळे पापुद्रे. अॅल्युमिनियमवर ओरखडे नकोत म्हणून काकांनी ते लाकडी पट्टीने खरवडले. पिस्टन आधी वर आणून ठेवला होता, कचरा सिलिंडरमध्ये पडू नये म्हणून. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकीवर कार्बनचा कण अडकला होता. व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नव्हता, कॉम्प्रेशन निसटत होतं. एवढासा कण! सायलेन्सरची जाळीही बुजलेली. नवं गॅस्केट बसलं, बोल्ट आलटूनपालटून समोरासमोरचे आवळले, आणि इंजिन लागलं. पंपही चालला.

तुमचा जनरेटर दोन दिव्यांवरच चालत असेल, तर अधूनमधून त्याला अर्धापाऊण लोड द्या आणि फिल्टर साफ ठेवा. काळा धूर दिसला तर दुरुस्तीला उशीर करू नका. असं इंजिन कार्बन मोनॉक्साइडही जास्त सोडतं, आणि त्याला ना रंग ना वास. कितीही पाऊस असो, जनरेटर पडवीत आणू नका. घरापासून लांब, वेगळ्या छपराखालीच ठेवा.