झाडांची यादी आपल्याच सर्व्हरवर

३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळलं. बागांची भरपाई ठरली हेक्टरी ५० हजार. आता आपल्याकडे हेक्टरात वाडी आहे कुणाची? दहा-वीस गुंठे, त्यात सुपारी, नारळ, मधेच जायफळ, वर चढवलेली मिरी. बरीच ओरड झाल्यावर झाडागणिक रक्कम ठरली, नारळाला २५० आणि सुपारीला ५० रुपये. तेव्हापासून माझं म्हणणं एकच आहे, वादळ यायच्या आधी झाडं मोजून ठेवा. पडल्यावर तलाठ्याला काय दाखवणार, खड्डे?

त्या काळात मोबाईलवर एक ऑनलाइन यादी फिरत होती. नाव, आधार नंबर, बँक खातं, सगळं उघडं. ज्याला लिंक मिळाली तो वाचणार. मदतीच्या घाईत कुणी हरकत घेतली नाही.

म्हणून यंदा आम्ही चौघांनी इथरकॅल्क बसवलं. एकाच शीटमध्ये चौघं एका वेळी लिहू शकतात आणि माहिती आपल्या मशीनवर राहते. महिन्याच्या भाड्यावर छोटा लिनक्स सर्व्हर घेतला. घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर फुकट झालं असतं, पण निसर्गनंतर आपल्याकडे लाइट किती दिवस नव्हती ते आठवा. डेबियनवर आधी रेडिस, मग नोड, मग एनपीएमने इथरकॅल्क. तो ८००० पोर्टवर चालू होतो. इथे थांबू नका! त्याला लॉगिन वगैरे काही नसतं, पत्ता कळला की कोणीही खाडाखोड करणार. त्याला फक्त लोकलहोस्टवर ऐकायला लावायचं, पुढे एन्जिनेक्स ठेवून पासवर्ड लावायचा, वेबसॉकेटच्या ओळी घालायच्या आणि सर्टबॉटने एचटीटीपीएस. खरं काम हेच, बाकी अर्ध्या तासाचं.

जाता जाता एक गंमत. मुलांना लॅपटॉप देण्याचा 'वन लॅपटॉप पर चाइल्ड'चा भारतातला पहिला प्रयोग २००७ मध्ये आपल्याच रायगड जिल्ह्यात, खैराटच्या शाळेत झाला. डॅन ब्रिकलिन यांचं सोशलकॅल्क त्या लॅपटॉपवरही आणलं गेलं आणि त्यावरूनच ऑड्री टँग यांनी इथरकॅल्क उभं केलं. २०१६ मध्ये तैवानचं डिजिटल मंत्रिपद त्यांच्याकडे आलं.

आमच्या शीटमध्ये रकाने पाचच: नाव, गट नंबर, नारळ, सुपारी, मोजल्याची तारीख. आधार नाही, खातं नाही. ते पंचनाम्याच्या वेळी ज्याचं त्याने द्यावं. दर रविवारी सीएसव्ही काढून पेन ड्राइव्हवर ठेवतो, शिवाय एक छापील प्रत. काही आजोबांचा विश्वास कागदावरच आहे, आणि लाइट गेल्यावर तेच बरोबर ठरतात.

पासवर्ड कमेंटमध्ये मागू नका, मिळणार नाही. वाडीत कोण कधी असतं ते कळवा, आम्ही मोजायला येतो.