कधी, किती वेळ, कशाने

भोवळ, घेरी, गरगरणं, अंधारी, झोक जाणं. मराठीत या त्रासाला इतके शब्द आहेत. पण दवाखान्यात गेलं की एकच उरतो : चक्कर. मग समोरचे डॉक्टर बीपी बघतात, एक गोळी लिहितात, आणि माणूस घरी येऊन म्हणतो, 'पित्ताचंच होतं.' भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात हे मी लहानपणापासून पाहत आले आहे.

जुलैत रोवणा लागला की बायका सकाळपासून बांधीत वाकलेल्या असतात. पायाखाली चिखल, हातात धानाचे पऱ्हे. कंबर सरळ करायला उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. धुऱ्यावर जरा बसलं की निवळते. उभं राहताना रक्त पायांकडे उतरतं आणि मेंदूला क्षणभर कमी पडतं, म्हणून हे होतं. घाम, उपास, बीपीच्या काही गोळ्या यांनी ते वाढतं. त्यात शेतावर आडोसा नाही, म्हणून बायका पाणीही बेतानेच पितात. ही अंधारी वारंवार येत असेल, दम लागत असेल, तर हिमोग्लोबिन तपासायला हवं. पूर्व विदर्भात सिकलसेल आहे. त्यामुळे ती तपासणीही करून घ्यावी.

माझ्या आईची चक्कर मात्र वेगळी होती. दिवसभर ती ठणठणीत असायची. रात्री उजव्या कुशीवर वळली की 'घर फिरून रायलं' म्हणत खाटेची पाटी घट्ट धरायची. अर्ध्या मिनिटात सगळं थांबायचं, पण त्या अर्ध्या मिनिटाच्या धास्तीने ती बसूनच झोपू लागली. पित्ताची औषधं झाली, मानेचा एक्स-रे झाला, गळ्यात पट्टा आला, शेजारणीने लिंबूही उतरवून टाकलं.

शेवटी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तीनच गोष्टी विचारल्या : कधी येते, किती वेळ टिकते, काय केलं की येते? मग आईला टेबलावर बसवलं, मान उजवीकडे वळवून झटकन आडवं केलं आणि तिच्या डोळ्यांकडे बघत राहिले. बुबुळं थरथरायला लागली. निदान झालं होतं.

आतल्या कानात तोल सांभाळणारे कॅल्शियमचे बारीक कण असतात. ते जागा सोडून शेजारच्या अर्धवर्तुळाकार नळीत शिरले, की डोकं वळताच घर फिरतं. डॉक्टरांनी मान टप्प्याटप्प्याने फिरवून ते कण परत जागेवर सरकवले. काही मिनिटांचं काम, गोळी एकही नाही. त्या रात्री आई आडवी झोपली. हा त्रास पुन्हा होऊ शकतो, पण आता त्याचं नाव ठाऊक आहे.

कान आणि तोल यांचं हे नातं उलगडण्यात व्हिएन्नाच्या रॉबर्ट बारानींचा मोठा वाटा. कान धुताना पाणी फार गार किंवा फार गरम असलं की रुग्णांना गरगरतं, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्या संशोधनाला १९१४ सालचं नोबेल मिळालं.

त्या तीन प्रश्नांनी बाकीच्या चकराही वेगळ्या करता येतात. तासन्‌तास गरगरतं, कानात आवाज येतो, ऐकू कमी येतं, तर तो मेनिअरचा आजार असू शकतो. एकाएकी सुरू होऊन दिवसभर थांबतच नाही, ती कानाच्या नसेला आलेली सूज असू शकते. किंवा मेंदूचा झटका.

इथे घरी थांबून चालत नाही. जीभ अडखळणं, एकाचे दोन दिसणं, तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, आधाराशिवाय उभंच राहता न येणं, अचानक असह्य डोकेदुखी, छातीत दुखणं, शुद्ध हरपणं : यांतलं एकही चकरेसोबत आलं तर लगेच १०८ला फोन करावा. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन लागतो. भंडाऱ्याहून नागपूर साठेक किलोमीटर. गावाहून भंडारा गाठायचा वेळ वेगळा. 'सकाळपर्यंत बघू' म्हटलं की हे साडेचार तास घरातच सरतात.

बाकी चकरांसाठी दवाखान्यात जाण्याआधी औषधांच्या चिठ्ठीमागे तीन उत्तरं लिहून न्यावीत : कधी, किती वेळ, कशाने. आणि चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटंही पिशवीत टाकावीत.