मापाआधी कानस

आम्ही दोघे भाऊ. एक शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो, दुसरा कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर काम करतो. आमचे अब्बा टेलर होते. शाळांचे गणवेश शिवायचे, गाठोडी गाडीला बांधायची आणि खेडोपाडी पोहोचवायची, हा त्यांचा धंदा. त्यासाठी त्यांनी एक जुनी यामाहा आरएक्स 100 घेतली होती. 98 सीसीची ही गाडी 1985 पासून 1996 पर्यंत आपल्याकडे बनत होती. मागे अम्मी आणि दोन गाठोडी असली तरी ती पन्हाळ्याचा चढ कुरकुर न करता चढायची.

1997 च्या उन्हाळी सुट्टीत आम्ही शाळकरी पोरे होतो. "पोर्ट कापले की गाडी उडते," असे कुणीतरी आमच्या कानात भरवले. अब्बा कापड आणायला चार दिवस इचलकरंजीला गेले होते. आम्ही परसात गाडी उघडली.

टू-स्ट्रोक इंजिनाच्या डोक्यात व्हॉल्व्ह नसतात. सिलिंडरच्या भिंतीत खिडक्या असतात, त्यांनाच पोर्ट म्हणतात. वर-खाली जाणारा पिस्टनच त्या उघडतो आणि मिटतो. पिस्टन खाली येताना आधी जळालेला धूर बाहेर सोडणारी एक्झॉस्टची खिडकी उघडते, मग ताजे मिश्रण आत आणणाऱ्या ट्रान्सफरच्या. एक्झॉस्टची वरची कड आणखी वर नेली की ती लवकर उघडते आणि उशिरा मिटते. मग इंजिन जास्त फेऱ्यांवर जोर धरते, पण कमी फेऱ्यांवरची ओढ गमावते. यातले पहिले अर्धे आम्हाला कळले होते, दुसरे अर्धे कुणी सांगितले नव्हते.

आम्ही अर्धगोल कानस घेतली आणि नजरेच्या अंदाजाने घासत सुटलो. वर गेलो, बाजूलाही गेलो. सपाट रस्त्यावर गाडी खरेच पळाली. आम्ही खूश. अब्बा आले आणि गाठोडी बांधून निघाले. चढावर गाडीने मान टाकली. गिअर पाडून, जोराने रेस करून त्यांनी ती कशीबशी रेटली, तोच आतून खडखडाट झाला आणि गाडी बंद पडली. संध्याकाळी ते गाडी ढकलत घरी आले.

खिडकी फार रुंद झाली होती आणि तिच्या कडा धारदार राहिल्या होत्या. पिस्टनची रिंग त्या कडेत अडकून तुटली आणि तुकड्याने सिलिंडर खरवडून काढला. ओरखडे इतके खोल की बोअर करूनही जाईनात. अब्बांनी ब्लॉक हातात घेऊन उजेडाकडे धरला आणि एवढेच विचारले, "नापे बगैर काट दिया?"

ते रागावले असते तर बरे झाले असते. नवा ब्लॉक, पिस्टन, रिंगा आल्या. त्या वर्षी गावाचे ईदचे कपडे शिवणाऱ्या आमच्या अब्बांनी स्वतःसाठी नवा सदरा शिवला नाही. आम्हा दोघांना मात्र शिवला.

आता अब्बा नाहीत, गाडी आहे. यंदा धाकट्याच्या मुलाने विचारले, "पोर्टिंग करू का?" नाही म्हटले असते तर त्यानेही आमच्यासारखाच परसातला रस्ता धरला असता. म्हणून आम्ही भंगारातला एक ब्लॉक आणला आणि रविवारी त्याच्यासोबत बसलो.

पहिला दिवस कानशीला हात नाही. कागदाची गुंडाळी सिलिंडरात घालून पेन्सिलीने खिडक्यांचा ठसा घेतला. बोअर 50 मिलिमीटर, म्हणजे उलगडलेला कागद सुमारे 157 मिलिमीटर. मुलाला पाय प्रथमच उपयोगाचा वाटला! क्रँकला अंशांची तबकडी लावून खिडकी कधी उघडते ते मोजले. आरएक्सचा स्ट्रोकही 50 मिलिमीटर. हिशेब केला तेव्हा एक्झॉस्टची कड 1 मिलिमीटर वर नेली तर खिडकी साडेचार-पाच अंश जास्त वेळ उघडी राहते, असे निघाले. आम्ही तेव्हा तीनेक मिलिमीटर घासली होती.

मग त्याला बाकीचे सांगितले. साध्या, मध्ये दांडी नसलेल्या एक्झॉस्टची रुंदी बोअरच्या दोन तृतीयांशाच्या आसपास थांबवावी, नाहीतर रिंग बाहेर फुगते. प्रत्येक कड शेवटी गोल करावी. काम झाल्यावर ब्लॉक साबणाच्या पाण्याने धुवावा, लोखंडाचा कीस राहिला तर पिस्टन खातो. वारा वाढला की मेन जेटही तपासावा. पेट्रोल कमी पडले तर इंजिन तापून पिस्टन जाम होतो. घासताना डोळ्यांवर चष्मा हवाच.

सगळे मोजून झाल्यावर मुलगा बराच वेळ कागदाकडे बघत बसला. शेवटी त्याने अब्बांच्या ब्लॉकवरची कोणतीही कड हलवली नाही. ओतकामाचे खडबडीत उंचवटे साफ केले आणि ट्रान्सफरची तोंडे खालच्या केसिंगशी व गॅस्केटशी नीट जुळवली. गाडी थोडी मोकळी झाली, ओढ तशीच राहिली.

आम्ही बिघडवलेला जुना ब्लॉक लेथच्या दुकानात फळीवर आहे. अब्बांनी तो भंगारात दिला नव्हता, शिलाईच्या मशीनजवळ कात्र्या ठेवायला वापरायचे. परवा मुलाने तो उतरवला, त्या रुंद खिडकीत बोट फिरवले आणि परत ठेवला. मग दादीला मागे बसवून पन्हाळ्याला गेला. आम्ही दोघे दारात थांबलो. गाडी दिसेनाशी झाल्यावरही तिचा आवाज बराच वेळ ऐकत होतो.