एडिंबरोचे घर, शिरूरचा उतारा

आमच्या चिरंजिवांनी एडिंबरोला घर घ्यायचे मनावर घेतले आणि तेव्हापासून आमच्याकडे दुसरा विषय नाही. नोकरीनिमित्त तो तिथे सात वर्षे आहे. परक्या देशाच्या माणसाने घर विकत घेण्याला स्कॉटलंडात कायद्याची आडकाठी नाही, हे ऐकून मला प्रथम नवलच वाटले. आपल्याकडे पुण्याच्या एखाद्या डॉक्टरसाहेबांना शिरूर तालुक्यात एकरभर शेत घ्यायचे झाले, तर आधी आपण शेतकरी असल्याचा दाखला दाखवावा लागतो; नाही तर परवानगीसाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. आणि तिथे माझा मुलगा, ज्याने उभ्या जन्मात कुदळ हाती धरली नाही, तो खुशाल दगडी इमारतीचा भागीदार होणार!

ज्या भागात त्याने घर पाहिले त्याला ‘न्यू टाऊन’ म्हणतात. नवे म्हणजे किती नवे? जेम्स क्रेग नावाच्या एका तरुणाच्या आराखड्यावरून हा भाग उभारायचे ठरले ते १७६७ साली. त्या वेळी पुण्यात थोरले माधवराव कारभार पाहत होते. जुने शहर आणि हे ‘नवे’ शहर, दोन्ही १९९५ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. इमारत चार मजल्यांची, जिना सगळ्यांचा एक, शेजारी मात्र परस्परांना नुसते ‘सुप्रभात’ म्हणणारे. थोडक्यात, अबोल माणसांची चाळ.

वारशाचे घर घेणे म्हणजे सासुरवास पत्करणे. खिडक्यांतून वारा येतो म्हणून सूनबाईंना त्या बदलायच्या आहेत. पण नोंद झालेल्या ऐतिहासिक इमारतीची खिडकी नगरपालिकेच्या संमतीवाचून बदलणे हा तिथे गुन्हा आहे. सामान्य माणसाचे सोडा, सरकारलाही अशा परवानग्या चुकत नाहीत. लंडनच्या किंग हेन्री रोडवर ज्या १० क्रमांकाच्या घरात बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ साली राहत होते, ते महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये विकत घेतले. त्याचे संग्रहालय करण्यास तिथल्या पालिकेने हरकत घेतली, चौकशी बसली आणि मंजुरी मिळायला २०२० साल उजाडले.

मला मात्र तिथली छपराची गोष्ट फार आवडली. २००४ च्या कायद्याने, घरांच्या कागदपत्रांत वेगळे काही लिहिलेले नसेल तर, छपराची दुरुस्ती सर्व बिऱ्हाडांची. तळमजल्यावरच्यानेसुद्धा ‘माझ्या डोक्यावर गळत नाही’ म्हणून हात झटकायचे नाहीत. बहुमताने ठरले की सर्वांनी पैसे काढायचे. शिरूरला आमच्या आणि चुलत दिरांच्या घरांवरची सामाईक पन्हळ गेली अकरा वर्षे बहुमताची वाट पाहत आहे.

हे सारे मी कौतुकाने ऐकत होते. मग एका रविवारी त्याचा फोन आला तो जरा बिचकतच. तिथल्या वकिलाने त्याला विचारले होते, “जगात इतरत्र कुठे तुमच्या मालकीचे घर आहे काय?” हा म्हणाला, “नाही.” मग आठवून म्हणाला, “शिरूरला वडिलार्जित घर आहे, त्यात माझा तिसरा हिस्सा आहे.” झाले! स्कॉटलंडात दुसरे घर घेणाऱ्याला जादा कर पडतो. २०२४ च्या डिसेंबरपासून तो पूर्ण किमतीच्या ८ टक्के आहे. पहिले घर एडिंबरोलाच असले पाहिजे असे नाही. पृथ्वीच्या पाठीवर कुठेही चालते. हिश्श्याची किंमत चाळीस हजार पौंडांच्या वर गेली की पुरे. रांजणगावची औद्योगिक वसाहत झाल्यापासून शिरूरच्या बाजारपेठेतल्या जागांना असा काही भाव आला आहे की आमच्या मोडक्या घराचा तिसरा हिस्साही या मर्यादेपलीकडे गेला. तीन लाख पौंडांच्या घरावर चोवीस हजार पौंड! आपले पंचवीस लाखांहून अधिक रुपये!

ज्या घराला घूसही कंटाळली आहे, त्याची साहेबाच्या दरबारी एवढी प्रतिष्ठा!

मी स्वतः दौंडला राहते. यजमान रेल्वेत होते. जंक्शनच्या गाड्यांच्या वेळांवर आमचा संसार झाला आणि निवृत्तीनंतरही पाय तिथून निघाला नाही. महिन्यातून एकदा पाटस, चौफुला, न्हावरे करीत शिरूरला जायचे, कुलूप काढायचे, केर काढायचा, देवापाशी दिवा लावायचा, आणि संध्याकाळी परत. हे घर आजेसासऱ्यांनी बांधलेले. त्या वेळचे लोक गावाला घोडनदीच म्हणत. परक्या माणसाने गावात कायमची जागा मिळवल्याचे उदाहरणही आमच्याकडे आहे. स्कॉटिश पलटणीचा कर्नल वॉलेस १८०९ साली इथे वारला. गावकऱ्यांनी त्याला ‘सत्पुरुष’ ठरवले आणि त्याच्या थडग्याला नैवेद्य दाखवू लागले, असे जुन्या गॅझेटियरमध्ये नमूद आहे. त्याला ना वकील लागला, ना उतारा.

चिरंजिवांना मात्र उताऱ्यावरून नाव काढल्याशिवाय गत्यंतर नव्हते. तो म्हणाला, “आई, मी माझा हिस्सा ताईला देऊन टाकतो. चालेल ना?”

मी गप्प बसले. हक्कसोडपत्र हा शब्द मला नवा नाही. वडील गेल्यावर चौथ्या महिन्यात भावांनी मला कचेरीत नेले होते. मी सही केली, अंगठा उठवला, मग चहा झाला आणि वहिनीने हिरव्या काठाची साडी दिली. साडी चांगली होती. पुष्कळ दिवस टिकली. माझ्या मैत्रिणींपैकी निम्म्याजणींनी अशी एकेक साडी नेसली आहे. कायद्याने मुलींना समान वाटा २००५ साली दिला खरा, पण माहेर तुटू नये म्हणून त्या सही करतात आणि त्या सहीला प्रेम म्हणायची आपल्याकडे रीत आहे. भावाने बहिणीसाठी हक्क सोडल्याचे मी तोवर ऐकले नव्हते.

लेकीला सांगितले तेव्हा ती आधी हसली आणि मग एकदम गंभीर झाली. “त्याला नंतर वाटायला नको, की मी घेतले.” मी तिच्याकडे पाहतच राहिले. साडी देताना असे कुणाच्या मनात आले होते काय?

पुढे कागदांचा प्रवास सुरू झाला. एडिंबरोच्या भारतीय वकिलातीत त्याने माझ्या नावचे कुलमुखत्यारपत्र साक्षांकित केले, ते टपालाने आले आणि तीन महिन्यांच्या मुदतीत त्यावर इथले मुद्रांक शुल्क भरले. मग आम्ही मायलेकी शिरूरला गेलो. हक्कसोडपत्राला मुद्रांक लागतो पाचशे रुपयांचा. एवढ्याशा रकमेत पंचवीस लाखांचे संकट टळते, हे दस्तलेखकाला सांगावे असे फार वाटत होते, पण जीभ आवरली. त्याने मसुदा वाचायला दिला. मी चष्मा लावून पाहते तो, हक्क सोडणार म्हणून लेकीचे नाव आणि घेणार म्हणून मुलाचे!

“अहो, हे उलटे झाले आहे,” मी म्हटले.

त्याने कागद पाहिला, आम्हा दोघींकडे पाहिले. “भाऊ सोडतोय?” त्याने पुन्हा विचारले. “बहिणीला?”

“होय.”

“कर्ज बिर्ज आहे का त्यांच्यावर?”

मसुदा पुन्हा करायला अर्धा तास लागला. तोवर लेकीने बाहेर जाऊन पन्हळ बसवणाऱ्याशी दर ठरवला.

रात्री फोनवर चिरंजीव जरा उदास वाटला. “म्हणजे आता मी शिरूरला आलो तर पाहुणा म्हणूनच ना?”

“पाहुण्याला पन्हळीचे पैसे द्यावे लागत नाहीत,” ताईने सांगितले. “मालक होतास तेव्हा तरी कुठे दिलेस?”

एडिंबरोला बंद पाकिटातून बोली द्यायची असते. पहिल्या घराला दुसऱ्या कुणी अधिक दिले. दुसऱ्या घराची बोली याची लागली. किल्ल्या दिवाळीनंतर मिळतील. आमच्या फेरफाराची नोटीस लागली आहे, हरकतीची मुदत अजून सरायची आहे. चुलत दीर हरकत घेणार नाहीत, पण पन्हळीचा त्यांचा अर्धा भाग देणार की नाही, ते अद्याप कळलेले नाही.