खिओसच्या तटबंदीआड

तुर्कस्तानातल्या चेश्मे बंदरातून बोट सुटली की अर्ध्या-पाऊण तासात खिओसचा धक्का येतो. बेट ग्रीसचं, पण मागे वळून पाहावं तर तुर्की डोंगर अजून हाकेच्या अंतरावर. शहरात फारसं न रेंगाळता मी दक्षिणेचा रस्ता धरला. मस्तकीचं झाड भूमध्य समुद्राच्या काठाने बऱ्याच ठिकाणी उगवतं, पण खाच दिल्यावर भरपूर चीक गळावा आणि तो सुकून त्याचे लखलखीत खडे व्हावेत, हे घडतं ते या बेटाच्या दक्षिण भागातच. कोरडा उन्हाळा, चुनखडीची जमीन आणि पिढ्यानपिढ्या निवडून, फांद्या लावून वाढवलेली नर झाडं, या सगळ्याची ती पुण्याई. आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानात ‘रुमी मस्तकी’ म्हणून पुडीत मिळते ती हीच. युनानी हकिमांनी पोटाच्या विकारांवर ती पूर्वापार वापरली.

एका वळणावर रस्त्याकडेच्या बागेत काम चाललेलं दिसलं आणि मी गाडी थांबवली. झाडं जेमतेम दोन-तीन मीटर उंच, खोडं पिळवटलेली. प्रत्येक झाडाखालची जागा पाचोळा-खडे काढून, झाडून चोपून सपाट केलेली आणि तिच्यावर चुनखडीच्या भुकटीचा पांढराशुभ्र थर. झाडाची मालकीण गुडघे टेकून खोडावर बारीक टोकदार अवजाराने खाचा देत होती. खाच बोटाच्या पेरापेक्षाही लहान, खोली फार तर चार-पाच मिलिमीटर. क्षणभर काहीच झालं नाही. मग खाचेच्या कडेला पाण्यासारखा नितळ थेंब जमला, फुगला आणि खाली ओघळला. वास आला तो पाइनच्या लाकडासारखा, पण जास्त स्वच्छ. तिने शेजारच्या झाडाखालचा आठवड्यापूर्वीचा थेंब दाखवला. वरून कडक, आतून अजून चिकट. पुरता सुकायला दोन-तीन आठवडे जातात आणि तेवढ्या काळात पाऊस आला तर माल खराब होतो. खाचा देणं जुलैत सुरू होतं, वेचणी पहाटेच्या गारव्यात होते, कारण उन्हाने खडे मऊ पडतात. हिवाळाभर मग बायका टेबलाभोवती बसून एकेका खड्यावरची माती आणि सालीचे कण सुरीच्या टोकाने खरवडतात. एवढं करून एका झाडाचं वर्षाचं उत्पन्न साधारण दीड-दोनशे ग्रॅम. या कामाला यंत्र नाही, आणि त्या बोटांकडे पाहिल्यावर असावं असंही मला वाटलं नाही.

या दीड-दोनशे ग्रॅमनी इथल्या गावांचा आकार ठरवला. मेस्ता गावात शिरलो तेव्हा हे कळलं. बाहेरच्या ओळीतली घरं एकमेकांना चिकटलेली, त्यांच्या मागच्या भिंती हाच गावाचा तट. आत कमानींखालून जाणाऱ्या अंधाऱ्या गल्ल्या आणि घरांची धाबी अशी जोडलेली, की शत्रू आत घुसला तर माणसांना वरच्या वर पळता यावं. १३४६ मध्ये जिनोआच्या लोकांनी बेट घेतलं आणि मस्तकीचा सगळा व्यापार आपल्या व्यापारी मंडळाच्या हाती एकवटला. चोरीची शिक्षा चोरलेल्या मालाच्या प्रमाणात ठरे, नाक-कान कापण्यापासून फाशीपर्यंत. चाच्यांपासून माणसांचं रक्षण व्हावं म्हणून हा तट होता हे खरं; पण त्या गल्ल्यांतून फिरताना मला सारखं जाणवत होतं, की जिनोआला यातली माणसं हवी होती ती झाडांसाठी. नफा केवढा असावा? कोलंबसने १४९३ मध्ये आपल्या शोधाची वार्ता देणारं पत्र लिहिलं, त्यात नव्या बेटांवर मस्तकीही मिळेल असं आश्वासन दिलं आणि आजवर ती फक्त खिओसमध्येच सापडते, हेही सांगितलं. तिकडचं झाड निराळंच होतं.

१५६६ मध्ये बेट उस्मानी सुलतानाकडे गेलं. मस्तकीची गावं कर मस्तकीतच भरत, बदल्यात त्यांना काही सवलती होत्या. इस्तंबूलच्या जनानखान्यात ती चघळायला लागे. पुढे १८२२ मध्ये स्वातंत्र्ययुद्धाच्या धुमाळीत उस्मानी फौजेने खिओसवर जी कत्तल केली, तिच्यात हजारो माणसं मारली गेली, हजारो गुलाम म्हणून विकली गेली. दलाक्र्वाने १८२४ मध्ये रंगवलेलं त्या कत्तलीचं भव्य चित्र लूव्ह्रमध्ये आहे. सुरुवातीच्या त्या लाटेतून मस्तकीची गावं बरीचशी वाचली, कारण सुलतानाला मस्तकी हवी होती. ज्या थेंबांपायी या लोकांना तटाआड डांबलं, त्याच थेंबांनी त्यांचे जीव राखले.

पिर्गी गावात मात्र डोळे निवतात. घरांच्या भिंती काळ्या-पांढऱ्या भौमितिक नक्षीने भरलेल्या. काळी वाळू मिसळलेला गिलावा, त्यावर चुन्याचा हात आणि तो ओला असतानाच काट्याने खरवडून काढलेले त्रिकोण-चौकोन. सज्जांवर लाल टोमॅटोंच्या माळा वाळत होत्या. चौकातल्या कॉफीच्या दुकानात थंडगार पाण्याच्या पेल्यात बुडवलेला चमचा समोर आला, चमच्यावर मस्तकीचा घट्ट पांढरा गोड गोळा. तो चाखायचा, वर पाणी प्यायचं. इथे मस्तकी आइस्क्रीममध्ये असते, ईस्टरच्या पावात असते, मद्यात असते. ऑर्थोडॉक्स चर्चच्या पवित्र तेलातही असते. अरब स्वयंपाकघरात कोंबडीच्या रश्शात चिमूटभर जाते. कुटताना ती खलाला चिकटते, म्हणून सोबत साखर किंवा मीठ घालायचं. एके काळी तैलचित्रांवर तिचंच वार्निश चढवीत. काळाने ते पिवळं पडतं. नुसता खडा तोंडात टाकला तर आधी कडवट भुगा होतो, मग हळूहळू पांढरा मऊ गोळा जमतो आणि तासभर चघळला तरी विरघळत नाही.

दुकानात भेटलेला तरुण शेतकरी अथेन्समधली नोकरी सुटल्यावर आजोबांच्या बागेत परतला होता. १९३८ पासून इथे उत्पादकांचा सहकारी संघ आहे. सगळी मस्तकी त्याच्यामार्फत विकली जाते आणि दलालाच्या दारात उभं राहावं लागत नाही, हे त्याने अभिमानाने सांगितलं. युनेस्कोने २०१४ मध्ये या लागवडीच्या विद्येला वारशाचा मान दिला, याचंही त्याला अप्रूप होतं. पण २०१२ च्या ऑगस्टमधल्या वणव्यात दक्षिणेतल्या कित्येक बागांची राख झाली, त्यात त्याच्या आजोबांचीही निम्मी झाडं गेली. लावलेली फांदी पहिले थेंब द्यायला पाच-सहा वर्षं घेते, भरात यायला पंधराएक. आजोबांनी वणव्यानंतरच्या हिवाळ्यातच नव्या फांद्या लावल्या होत्या. त्या झाडांना पहिल्या खाचा नातवाने दिल्या.