थांब, टाके मोजतेय!

पुणे, १० मे २०२०, रविवार

प्रिय सुमे,

तुझा लांबलचक व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. एकदा भांडी घासताना आणि एकदा नीट. शेवटी तू जे विचारलंस ना, ‘अगं, पण दिवसभर घरात बसून करतेस तरी काय?’, त्याचं उत्तर फोनवर देणं जमायचं नाही. तुझ्या न्यू जर्सीत आणि आमच्यात साडेनऊ तासांचा फरक. मी मोकळी होते तेव्हा तू साखरझोपेत, आणि तू निवांत असतेस तेव्हा माझ्या कुकरच्या शिट्ट्या. म्हणून कागद घेतला. विमानं बंद, त्यामुळे पाकिटात घालून उपयोग नाही. फोटो काढून पाठवते. अक्षर लागलं नाही तर चष्मा बदल, मला बोलू नकोस.

तर मी विणतेय. हस, हस. पारा चाळिशीला टेकलाय, पंखा फुल्ल आणि मांडीवर लोकर. आमचे हे म्हणाले, ‘आता शेकोटी पेटवू का?’ पण मला दुसरं काही सुचतच नाही गं सध्या.

सुरुवात कशी झाली ते सांगते. राज्यातले पहिले रुग्ण पुण्यातच सापडले, ९ मार्चला. मग जनता कर्फ्यू, थाळ्या, आणि मग ऐन पाडव्याला, २५ मार्चला, सगळं बंद. गुढी उभारली, पण साखरेच्या गाठीशिवाय. त्यानंतरच्या आठवड्यात सगळा देश जे करत होता तेच आम्हीही केलं: सकाळ-संध्याकाळ दूरदर्शनवर रामायण आणि मधल्या वेळात माळे साफ. त्यात सासूबाईंची विणकामाची पिशवी खाली आली. पोनीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या सुया, आठ नंबरपासून बारापर्यंत. शिवाय सायकलच्या चाकाच्या चार तारा, दोन्ही टोकं घासून गुळगुळीत केलेल्या, बाळाचे मोजे विणायच्या. सुया सगळ्या होत्या, लोकर मात्र नाही. लक्ष्मी रोड बंद, तुळशीबाग बंद, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापासून तर पेठाच सील. लोकर काही जीवनावश्यक वस्तूंच्या यादीत नाही. (दारू आली, ४ मेपासून. रांगा तू टीव्हीवर पाहिल्याच असशील.)

‘नवी कशाला हवी?’ सासूबाई म्हणाल्या. ‘घरात काय कमी स्वेटर आहेत?’

सुमे, उसवण्यातही एवढी विद्या असते हे मला माहीतच नव्हतं. मी घाईघाईनं मुलाचा कॉलेजातला स्वेटर पुढे केला, तर त्यांनी बाजूची शिवण उलटी करून नुसती चाचपली आणि परत दिला. तो म्हणे कापडासारखा विणून, मग कापून शिवलेला. आत ओव्हरलॉक असेल तर उसवायच्या फंदात पडायचंच नाही, कारण प्रत्येक ओळीला धागा तुटणार आणि हातात नुसते वीतभर तुकडे येणार. हाती विणलेला, कडेचे टाके शाबूत असलेला असेल तोच घ्यायचा. आधी शिवणी सोडवायच्या, मग जिथे टाके बंद केले असतील त्या टोकाकडून सुरुवात करायची. सुरुवातीच्या टोकाकडून ओढत बसलात तर दर टाक्याला अडतं. शेवटाकडून धरलं की ओळीच्या ओळी सरसर सुटत येतात. तो आवाज काय सांगू तुला! आमचा मुलगा मीटिंग संपवून बाहेर आला आणि म्हणाला, ‘आई, मला ओढू दे.’ तिशीचा घोडा!

उसवलेली लोकर तशीच गुंडाळायची नाही. ती कुरळी असते, जन्मभराची वळणं अंगात मुरलेली. खुर्चीच्या पाठीवर लडी घालायची, चार ठिकाणी सैल बांधायची, कोमट पाण्यात रिठ्यानं धुवायची आणि दांडीला टांगून खाली थोडं वजन अडकवायचं. आम्ही बत्ता अडकवला. खरी लोकर सरळ होते. अ‍ॅक्रिलिक जेमतेम, आणि त्याला जास्त उष्णता दाखवली तर ते मरगळून जातं, पुन्हा उभारी धरत नाही. आता खरी कुठली आणि खोटी कुठली? त्याचीही परीक्षा आहे. बोटभर धागा चिमट्यात धरून जाळायचा. खरी असेल तर केस जळल्याचा वास येतो आणि चुरगळली की राख. अ‍ॅक्रिलिक वितळून त्याचा टणक मणी होतो. आपण ज्याला लोकर लोकर म्हणत आलो त्यातलं बरंचसं मेंढीनं पाहिलेलंही नाही, हे या वयात कळलं.

आमच्या घरात खरी निघाली एकाच स्वेटरची. मामंजींचा, राखाडी, व्ही गळ्याचा, सासूबाईंनीच लग्नानंतर विणलेला. माझा काही हात होईना. मी म्हटलं, हा राहू दे, आठवण आहे. त्यांनी कात्री मागून घेतली आणि शिवणीचा पहिला टाका स्वतः कापला. ‘माणूस गेला. लोकर कशाला कसरीला घालायची?’

त्या आता चौऱ्याऐंशीच्या आहेत. दुसऱ्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन मार्चअखेर ठरलं होतं, ते पुढे गेलं. पण विणायला त्यांना डोळे लागत नाहीत. उलट टाक्याचा उंचवटा बोटाला लागतो, सुलटाचा लागत नाही, बस्स. माझं मात्र अजून ‘एक सुलट, एक उलट’ असं ओठ हलवत चालतं. नुसतं सुलट-सुलट विणलं की पट्टी शहाण्यासारखी सपाट बसते. एक ओळ सुलट, एक उलट केलं की दिसतं सुंदर, पण कडा गुंडाळून घेते. म्हणून खाली बॉर्डर. लहानपणी शाळेत बाईंनी बॉर्डर घालायला लावली ती केवळ शोभेची म्हणूनच मी धरून चालले होते.

पण मला तुला सांगायचंय ते वेगळंच. एका दुपारी मी सासूबाईंना विचारलं, तुम्ही एवढं विणायचात कशाला? पुण्यात थंडी ती किती, स्वेटर घालायचे दिवस दोन महिने. तर म्हणाल्या, ‘बसायला मिळायचं म्हणून.’ वाड्यात सोळा-सतरा माणसं. दुपारी मागचं आवरून कुणी सून रिकाम्या हातानं टेकली की लगेच पुढ्यात तांदळाचं सूप यायचं, निवडायला. नाहीतर शेंगा फोडायला. हातात सुया असल्या की मात्र कुणी काही सांगायचं नाही. बाई कामात आहे. प्रत्यक्षात त्या काय करायच्या? ओट्यावर बसून येणारी-जाणारी माणसं बघायच्या, जावेशी बोलायच्या, स्वतःशी विचार करायच्या. हात त्यांचे काम करायचे आणि त्या सुट्टीवर.

मला वाटतं, विणकामातलं खरं सुख हेच आहे. हल्ली ध्यानधारणा, मन शांत होतं, ताण जातो, असे मेसेज रोज येतात, असेल बाई. पण आपल्याकडच्या बायकांना नुसतं बसण्याची मुभा कधी नव्हती, ती या दोन सुयांनी मिळवून दिली. हे काही कुठल्या मेसेजमध्ये मी वाचलेलं नाही.

आणि ते शस्त्र अजून चालतं, सुमे! चोवीस तास सगळे घरात. कुणाला चहा हवा, कुणाला चार्जर सापडत नाही, कुणाला ‘डब्यात खायला काय आहे’. अशा वेळी मी हात वर करून एवढंच म्हणते, ‘थांब, टाके मोजतेय!’ सगळे जागच्या जागी थिजतात. मोजत असतेच असं नाही. पुस्तक वाचत असते तर चौघांनी हाक मारली असती, पुस्तक म्हणजे रिकामपण. विणकाम म्हणजे काम. आमच्या ह्यांनी या दीड महिन्यात चहा, वरणभात आणि भांडी एवढं शिकून घेतलंय ते माझ्या आग्रहानं नव्हे, माझ्या टाक्यांमुळे. कुकरच्या किती शिट्ट्या हे विचारायला आले तेव्हा मी टाचेवर होते.

टाच म्हणजे मोज्याची टाच. ती वळवता आली त्या दिवशी मी घरभर नाचवली. चार तारा, तिघींवर टाके आणि चौथीनं विणायचं, गोल गोल. टाचेपाशी आलं की निम्मेच टाके घ्यायचे आणि ओळ पुरी न करता मधूनच परत फिरायचं. दर खेपेला एकेक टाका मागे सोडायचा. मग सोडलेले एकेक करून परत उचलायचे. सपाट पट्टीला आपोआप खोलगट वाटी तयार होते. शिवायचं असतं तर कापड कापावं लागलं असतं, चुण्या घालाव्या लागल्या असत्या. इथे एकच धागा, कुठेही न तोडता. मला गणित कधी आवडलं नाही, तुला माहीतच आहे, पण हे गणित आवडलं.

बाकी घर नेहमीसारखंच चाललंय, फक्त जास्त. सोसायटीच्या ग्रुपमार्फत कोकणातल्या बागायतदाराकडून परस्पर हापूसच्या पेट्या आल्या. जिन्याखाली सॅनिटायझर मारून ओळीनं ठेवल्या होत्या. गच्चीत कुरडया घातल्या. गहू तीन दिवस भिजवून चीक काढला, सोऱ्या फिरवायला मुलगा. कावळे हाकायला सासूबाईंना छत्री देऊन बसवलं, तेवढाच त्यांना वारा. पासष्टच्या वरच्यांना बाहेर पडायची बंदी आहे ना. रस्त्यावर गाडी नाही, त्यामुळे तांबटाची टुकटुक दुपारभर ऐकू येते. यीस्ट मिळत नाही म्हणून शेजारीण हवालदिल झालीय. मी ‘रुचिरा’ काढून वाटी-चमच्याच्या मापानं सांजा केला.

हे सगळं लिहिताना हात थोडा अडखळतो. परवा औरंगाबादजवळ करमाडला सोळा मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याहून चालत निघालेले, गावाकडची गाडी पकडायला. थकून रुळांवरच झोपले. टीव्हीवर रुळांवर पडलेल्या भाकऱ्या दिसल्या. त्या संध्याकाळी सुया हातात घेतल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी घेतल्या, खोटं कशाला सांगू. घरात बसून सुख शोधायचं तर आधी घर लागतं, धान्य लागतं, पहिल्या तारखेला पेन्शन लागते. आमच्या कामाच्या मावशींना पगार जातोय, पण त्यांच्या दहा बाय बाराच्या खोलीत सहा जण आहेत. त्यांना मी ‘विणकाम करा, मन रमतं’ असं सांगायला गेले तर त्या मला झाडूनं मारतील आणि ते बरोबरच असेल. म्हणून लॉकडाऊननं आपल्याला किती शिकवलं वगैरे जे लेख येतायत ते मला वाचवत नाहीत. मला विणताना मजा येते, एवढंच माझं म्हणणं.

आता कामाचं. तुझ्या लेकीचे दिवस ऑगस्टमध्ये भरत येतील तोवर टपाल सुरू होईल असं धरून मी आणि सासूबाई बाळंतविडा करतोय. खणाची कुंची त्यांच्या पेटीतून निघाली आहे, तिला फक्त नवं अस्तर. टोपडं, मोजे आणि स्वेटर माझ्याकडे. ऑगस्टात जन्मलेल्या बाळाला तुमच्याकडे लोकर लागणार ती नोव्हेंबरनंतर, म्हणून माप सहा महिन्यांचं धरतेय. जन्मतः डोकं साधारण ३५ सेंटिमीटर असतं, सहाव्या महिन्यात ४३च्या आसपास. टोपडं त्याहून थोडं कमी ठेवते, ताणलं जातं. जाळीची वीण घालणार नाही, मोज्यात तर मुळीच नाही, बाळाची बोटं अडकतात. गळ्याशी बंद नाही, बटणं.

तू पण दुपटं विणायला घेतेयस म्हणालीस, तर एक लक्षात ठेव. मी दहा नंबरची सुई म्हणेन ती तुमची दहा नंबरची नव्हे. आपल्याकडे जुना ब्रिटिश हिशेब, नंबर वाढला की सुई बारीक. तुमच्याकडे नंबर वाढला की जाड. आपली दहा म्हणजे सव्वातीन मिलिमीटर, तुमची दहा म्हणजे सहा! तुझ्याकडे सव्वातीनला ३ नंबर म्हणतात. तेव्हा मला नेहमी मिलिमीटरमध्येच कळव, आणि आधी दहा-दहा सेंटिमीटरचा चौकोन विणून टाके मोजून घे. कंटाळा करू नकोस.

आणि लेकीला दोन गोष्टी विचारून या आठवड्यात सांग. रंग कुठला? आणि बाळाचे कपडे ड्रायरमध्ये टाकणार का? टाकणार असाल तर मामंजींची लोकर मी त्यात घालणार नाही. एका खेपेत आटून बाहुलीचा स्वेटर होईल. मग सुती धागा शोधावा लागेल, आणि तो मला दुकानं उघडल्याशिवाय मिळायचा नाही. तेव्हा लवकर कळव.

तुझीच,
मी