आवरलेला हात

अमेरिकेतील बेसबॉलच्या प्रमुख संघांची दारे कृष्णवर्णीयांना कित्येक दशके बंद होती. १९४५ साली ब्रुकलिन डॉजर्स संघाचे अध्यक्ष ब्रँच रिकी यांनी जॅकी रॉबिन्सनला बोलावले व अट घातली, की कितीही अपमान झाला तरी उलट हात उगारावयाचा नाही. मानी जॅकीला ही अट जड होती. तरी त्याने ती पत्करली.

१९४६ मध्ये तो माँट्रियलच्या दुय्यम श्रेणीच्या संघात दुसऱ्या बेसवर खेळला. परगावच्या मैदानांवरील शिव्याशाप त्याने मुकाट्याने सोसले आणि त्या स्पर्धेत फलंदाजीत पहिला क्रमांक मिळवला. १५ एप्रिल १९४७ रोजी तो डॉजर्सतर्फे पहिल्या बेसवर उभा राहिला. त्याच्यामागून अनेकांना ती वाट मोकळी झाली. आवरलेला हात दुबळा नसतो, हे जगाने पाहिले.